बैठकीच्या खोलीतला बंब

आईने स्वेटरवर स्वेटर चढवला, त्यावर शाल घेतली, शालीवर माझा जुना ऑफिसचा कोट घातला आणि तरीही तिला सुईत दोरा ओवता येईना, त्याच सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरी भिंतीतून ऊब येते. कुठून येते ते दिसत नाही, आवाज होत नाही, नुसती येते. ताईच्या घरातल्या सगळ्याच गोष्टी अशा न बोलता आपलं काम करतात. मेहुणेसुद्धा.

"आईचे हात कसे आहेत?" ताईने विचारलं.

"बरे आहेत की," मी म्हणालो.

"फोन तिला दे."

आईने फोन घेतला आणि तो तिच्या हातातून पडला. बोटं वळतच नव्हती. मी फोन उचलून कानाला लावला तर ताई शांतपणे म्हणाली, "ऐकलं मी. महिनाअखेरीला येते आणि तिला घेऊन जाते. तुझ्या घरात माणूस राहू शकतो, पण म्हातारं माणूस नाही."

आई चारच महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आली होती. सकाळी मी दाढी करत असताना ती मागे उभी राहून "कानाखाली राहिलं" असं सांगायची. पन्नाशीच्या माणसाला असं कुणी सांगणारं असलं की बरं वाटतं. ती जाणार म्हटल्यावर मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. वर ताईचा तो टोमणा. विजेचा हीटर आमच्याकडे होता, पण तो लावला की फ्यूज उडायचा आणि थंडीच्या जोडीला अंधारही व्हायचा.

"आपण लाकडाची शेगडी घेऊ या का?" आमची ही म्हणाली. "दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत आहे बघा, लोखंडी, दाराला काच असलेली. तिथे बसलं की दात काढून घ्यायलासुद्धा काही वाटत नाही."

मी दोन दिवस नाही म्हणालो. याला कारण होतं. मी विमा कंपनीत आगीच्या दाव्यांच्या टेबलावर बसतो. माझ्या सहीशिवाय आमच्या भागातलं एकही घर अधिकृतपणे जळत नाही. एकोणीस वर्षं मी लोकांची घरं कशी पेटली ते वाचतो आहे आणि शेवटी 'कारण' या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहितो, निष्काळजीपणा. अशा माणसाने घरात आपण होऊन जाळ आणायचा म्हणजे जरा जडच होतं. तिसऱ्या दिवशी आईने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि पिण्याऐवजी नुसता धरूनच बसली. मी उठलो आणि दुकानात गेलो.

शेगडी घरी आली. काळी, ढेरपोटी, डोक्यावर उंच नळी. दुकानदार तिला स्टोव्ह म्हणाला होता. आईने चष्मा लावून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "हा तर बंब आहे. आंघोळीच्या पाण्याचा असतो तसा. फक्त यात पाणी विसरलेत." त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंब पडलं. या नावाने पुढे काय घोळ होणार होता याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

घरात धुराडं बसवायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते. लागत नसावी असं दुकानाच्या फिटरचं मत होतं, पण मी कायद्याने चालणारा माणूस. अर्धी रजा टाकून मी परवाना खात्यात गेलो. तिथला कारकून सज्जन होता. हडकुळा, गळ्याला मफलर, आणि बोलताना समोरच्यापेक्षा टेबलाकडे जास्त बघणारा. त्याने कपाटातून धुराड्याचा अर्ज काढला.

"बेकरीची भट्टी की विटांची भट्टी?" त्याने विचारलं.

"घरातली शेगडी. आईसाठी."

"आई हा रकाना नाही यात."

"मग 'इतर'?"

"'इतर' मागच्या वर्षी बंद केलं. लोक त्यात काहीही लिहायला लागले होते." त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "तुम्ही बेकरी लिहा. विटांपेक्षा बरं दिसतं."

मी बेकरी लिहिलं. पुढचा रकाना होता रोजच्या उत्पादनाचा. मी शून्य पाव लिहायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. शून्य उत्पादनाच्या बेकरीला परवाना मिळत नाही म्हणे. निदान एक तरी लिहा. अशा रीतीने रोज एक पाव तयार करणारी बेकरी म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीची सरकारदरबारी नोंद झाली. एकोणीस वर्षांत मी कधी खोटा अर्ज केला नव्हता. बाहेर पडल्यावर मी दोनदा मागे वळून पाहिलं.

फिटरने बंब बसवला. भिंतीपासून हातभर लांब, खाली पत्रा, मागे पत्रा. मग मी माझ्या अनुभवाचा अर्क काढून बारा नियम लिहिले आणि भिंतीवर चिकटवले. लाकूड वाळलेलेच वापरावे. बंबाजवळ कपडे वाळत घालू नयेत. खिडकी बोटभर उघडी ठेवावी. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच टाकावी. वगैरे. नियम ग्रांथिक भाषेत होते, कारण बोलीभाषेतले नियम कुणी पाळत नाही असा माझा अनुभव आहे. हिने ते वाचले आणि विचारलं, "हे आमच्यासाठी आहेत की तुमच्यासाठी?"

आता शेजारचे हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक. कुठल्याही घरात सामान उतरलं की टेम्पो निघायच्या आत हे हजर असतात आणि त्यांना प्रत्येक विषयातलं काहीतरी येत असतं. अडचण अशी की नेमकं अर्धंच येत असतं. त्यांनी बंबाच्या पोटावर टकटक केलं, दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाले, "लाकूड थोडं ओलसरच घ्या. सुकं भसकन जळून जातं, ओलं तासन्‌तास पुरतं. साधं विज्ञान आहे. आणि नळीतली ही झडप आडवी ठेवा, म्हणजे ऊब वर पळून जाणार नाही."

माझा पहिलाच नियम वाळलेल्या लाकडाचा होता. पण लाकूडवाल्याने टाकलेला ढीग हाताला गार लागत होता, आणि परत पाठवायचा म्हणजे पुन्हा रजा. अशा वेळी हेडसरांचं विज्ञान सोयीचं वाटलं. माणूस सल्ला ऐकतो तो पटला म्हणून नव्हे, परवडला म्हणून.

रविवारी सकाळी पहिला जाळ केला. आई समोर खुर्चीत, ही माझ्या मागे, हेडसर दारात. कागद पेटला, काड्या पेटल्या, आणि लाकडं रडायला लागली. खरोखर, त्यांच्या टोकांतून पाणी बुडबुडत होतं. मग धूर निघाला. झडप आडवी असल्यामुळे ऊब वर पळून गेली नाही. धूरही गेला नाही. तो दाराच्या फटीतून खोलीत आला, शांतपणे, पाहुण्यासारखा, आणि सगळीकडे बसला. छताला लावलेली धुराची घंटा किंचाळू लागली. मी स्टुलावर चढून तिला टॉवेलने वारा घालत राहिलो, ही खिडक्या उघडत सुटली, आणि पाच मिनिटांत घर बाहेरच्या रस्त्याइतकं गार झालं. आई पदर नाकाला लावून जागची हलली नव्हती.

"हेडसर, आत या," ती म्हणाली. "दिसत नसलो तरी आहोत आम्ही."

हेडसरांना त्यांच्या घरी काहीतरी उतू जात असल्याची आठवण झाली.

झडप उभी केल्यावर मात्र बंब चालला. कुरकुरत, धुसफुसत, पण चालला. संध्याकाळी आईने सुईत दोरा ओवला. मी ताईला फोन करून हे सांगितलं. अजून पंधरा दिवस आहेत, बघू, असं ताई म्हणाली.

दुसरा प्रसंग राखेचा. आमच्याकडे पत्र्याची बादली होती, पण तिच्यात हिने बटाटे ठेवले होते. सकाळची राख दुपारी काढली, वर हात धरून पाहिला, गार लागली. मी ती व्हरांड्यातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली आणि वर्तमानपत्र वाचायला बसलो. राखेच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो ही गोष्ट मी स्वतः किमान चाळीस अहवालांत वाचलेली आहे. अर्ध्या तासाने विचित्र वास आला. बाहेर गेलो तेव्हा बादली नव्हती. बादलीच्या जागी फरशीवर एक निळी पोळी पसरली होती आणि शेजारचं पायपुसणं जळत होतं. झाडूने विझवायला गेलो तर झाडूही पेटला. तो मी अंगणात फेकला, नेमका हेडसरांच्या पायाशी.

"मदत हवी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नको. ठरवून करतोय," मी म्हणालो.

ही आत गेली आणि भिंतीवरचा राखेचा सातवा नियम मोठ्याने वाचू लागली. स्पष्ट उच्चारात, विरामचिन्हांसकट.

यानंतर मी फार जपून वागू लागलो, आणि खरी चूक तिथेच झाली. थंडी वाढली. बोटभर उघड्या खिडकीतून येणारा वारा आईच्या मानेवर यायचा, म्हणून मी ती बंद केली. लाकूड जास्त पुरावं म्हणून बंबाची हवा अगदी कमी केली. दिवसभर आत मंद लाल धग. मला वाटलं, जमलं. आई दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती. आम्ही तिच्या कपाळाला बाम लावला. माझंही जरा जड होतं, पण मला वाटलं ऑफिसचं असेल.

तिसऱ्या संध्याकाळी हिला ते कोंदटलेलं घर सहन होईना. तिने खिडक्या सताड उघडल्या आणि बंबाची हवाही पूर्ण सोडली. ओल्या लाकडांनी इतके दिवस नळीत आतून डांबर लिंपून ठेवलं होतं. ते पेटलं. आधी नळी गुणगुणल्यासारखा आवाज आला, मग त्याचा घुमारा झाला, मग डोक्यावरून विमान चाललंय असं वाटायला लागलं. नळी छताजवळ लाल दिसू लागली. बाहेर धुराड्यातून ठिणग्यांचं कारंजं उडत होतं. मी आईला कोटासकट उचलून अंगणात नेऊन बसवलं. तिला उचलायची वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती. ती इतकी हलकी झाली आहे हे मला माहीत नव्हतं.

मग मी अग्निशमन दलाला फोन लावला.

"आमच्या बंबाला आग लागली आहे," मी म्हणालो.

पलीकडचा माणूस म्हणाला, "कुठल्या केंद्राचा बंब?"

"आमचा. घरचा. बैठकीच्या खोलीतला."

"बैठकीच्या खोलीत बंब कसा गेला?"

"फिटरने बसवला."

"साहेब, तुमच्याकडे स्वतःचा बंब आहे तर आमचा कशाला हवाय?"

हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि एका वाक्यात, पत्त्यासकट, सगळं सांगितलं. दहा मिनिटांत गाडी आली. लाल, घंटा वाजवत, अख्खी गल्ली जागच्या जागी थिजवत. तोपर्यंत हेडसरांनी लोकांना रांगेत उभं केलं होतं. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण शाळेची सवय.

गाडीतून उतरलेले अधिकारी भारदस्त होते. पिकलेल्या मिशा, चालण्यात जराही घाई नाही. त्यांनी पाण्याचा एक थेंब वापरला नाही. बंबाचं दार घट्ट लावलं, हवेची भोकं बंद केली, एका माणसाला छपरावर चढवून वरून कसलीशी पूड टाकायला लावली. घुमारा हळूहळू बसत गेला, रागावलेला माणूस दमल्यावर बसतो तसा. भिंत तापली होती, पण पेटली नव्हती. मागचा पत्रा होता म्हणून.

मग ते वही काढून बसले. वहीचा हा प्रकार मला चांगलाच ओळखीचा. फक्त मी नेहमी दुसऱ्या टोकाला असतो.

"इथे तर बेकरी अशी नोंद दिसते," मी दाखवलेला परवाना वाचत ते म्हणाले. "पाव कुठे आहे?"

"आजचा व्हायचाय," आई अंगणातून आत येत म्हणाली.

मी खाली मान घालून सगळं खरं सांगितलं. लाकूड ओलं होतं हे सांगितलं, झडप, राख, खिडकी, सगळं. त्यांनी लिहून घेतलं.

"आपला व्यवसाय?"

"विमा."

"विम्यात काय?"

"आगीचे दावे," मी म्हणालो. भिंतीवर माझे बारा नियम होते. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग वहीत 'कारण' या रकान्यात एक शब्द लिहिला. मला वही उलटी दिसत होती, तरी तो शब्द मी लगेच ओळखला.

वही मिटून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खिडकी बंद होती त्या दिवसांत कुणाचं डोकं दुखत होतं का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

"माझं," आई म्हणाली. "बामाने नाही थांबलं."

ते अधिकारी आता माझ्याशी हळू आवाजात बोलले. "धूर बरा हो. धुराने माणूस खोकतो, उठतो, बाहेर पळतो. आग धुमसत ठेवली की दुसरा एक वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. आम्ही येतो तेव्हा घरात काहीच जळलेलं नसतं. आजीबाईंना आज डॉक्टरांकडे न्या. आणि धुराच्या घंटेने भागत नाही, या वायूची वेगळी घंटा मिळते, ती लावा."

त्या वेळी ताईने मला चार शब्द सुनावले असते तर बरंच वाटलं असतं, कुणीतरी ते सुनवायला हवेच होते. डॉक्टरांनी आईला तपासलं, आता ठीक आहेत म्हणाले, दोन दिवस मोकळ्या हवेत बसवा म्हणाले. घरी आल्यावर मी बंबाला कुलूप लावायची भाषा केली. ताईला आत्ताच बोलावतो असंही म्हणालो.

"कुणाला विचारून?" आई म्हणाली. "ते साहेब रविवारी येतो म्हणालेत. त्यांना चहा कोण देणार?"

अधिकारी खरंच रविवारी आले, सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत. फिटरला समोर बसवून त्यांनी नळी उतरवून घासून घेतली. आतून निघालेलं डांबर फिटरने स्वतःच घमेल्यात भरून बाहेर नेलं. नवी घंटा आईच्या खुर्चीजवळ लागली. खिडकी बोटभर उघडी राहावी म्हणून त्यांनी चौकटीला लाकडाचा ठोकळाच ठोकला, मला हलवता येऊ नये असा. मग त्यांनी ढिगातली दोन लाकडं घेऊन एकमेकांवर आपटली. बद्द आवाज आला. पिशवीतून स्वतःच्या घरची दोन काढली आणि आपटली. टण्‌ असा खणखणीत आवाज.

"हा वाळलेल्याचा आवाज," ते म्हणाले.

आईने हात पुढे केला. तिने एक एक लाकूड घेतलं, आपटलं, डोळे मिटून ऐकलं आणि दोन ढीग करायला लागली. आयुष्यभर तिने भांड्यांपासून माणसांपर्यंत सगळं आवाजावरून पारखलं असल्यामुळे तिला हे फार लवकर जमलं. लाकूडवाल्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. त्याने वर्षभर वाळवलेलं आहे अशी शपथ घेतली. आईने त्याच्या कानाजवळ दोन ओंडके आपटले आणि विचारलं, "कुठल्या वर्षी?" त्याने सगळा माल मुकाट्याने बदलून दिला.

पुढच्या आठवड्यात परवाना खात्याचा तो मफलरवाला कारकून आला. बेकरीच्या तपासणीला. आईने त्याला बंबाजवळ बसवलं आणि त्याच्यासमोर खरोखर एक पाव बंबावर गरम करून दिला. उत्पादन एक, असं लिहून तो गेला, आणि दोन दिवसांनी तपासणी अपुरी राहिली म्हणून परत आला. हेडसर तर रोजच यायला लागले. त्यांना आईने लाकडं आत आणायचं काम दिलं आणि बोलायला दिलं नाही. अधिकारी येता-जाता नळीकडे नजर टाकून जायचे. संध्याकाळी ऑफिसमधून आलो की माझ्या घरात मला बसायला खुर्ची मिळत नसे.

महिनाअखेरीला ताई आली. तिने व्हरांड्यातला फरशीला चिकटलेला निळा डाग पाहिला, छताजवळची काळी भिंत पाहिली, खिडकीतला ठोकळा पाहिला. मी तिला वायूचं आणि आईच्या डोकेदुखीचं सगळं सांगून टाकलं. लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती सरळ आईकडे वळली.

"आई, चल," ती म्हणाली. "बॅग कुठे आहे तुझी?"

आई शिवत होती. तिने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"तिकडे ऊब आहे, आई. काही पेटवायला लागत नाही, काही बघायला लागत नाही."

"ते खरंय गं. तुझ्याकडे फार सुख आहे. पण तिकडे काही घडत नाही."

मला वाटलं ताई चिडणार. पण तिने कोट काढला, कारकुनाची खुर्ची ओढली आणि बंबासमोर पाय पसरून बसली.

"काय काय घडलं ते तरी सांग," ती म्हणाली.

"पहिल्यापासून सांगते," आई म्हणाली.

मी लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो. स्वतःबद्दलच्या काही गोष्टी माणसाने समोर बसून ऐकू नयेत. हेडसर कुंपणापाशी उभे होते. "आत जाऊ का?" त्यांनी विचारलं, मी थांबा म्हणून खूण केली. त्या बोटभर उघड्या खिडकीतून आईचा आवाज येत होता, आणि मग ताईच्या हसण्याचा. ती लहानपणी हसायची तशी, मध्येच श्वास अडकून, "थांब गं, थांब" म्हणत. ते हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी कवेत लाकडं घेऊन आत गेलो तेव्हा आईच्या गोष्टीत आगीच्या तीन गाड्या आल्या होत्या आणि मी छपरावर चढलो होतो. गाडी एकच आली होती आणि मी अंगणात थरथरत उभा होतो. ताईने माझ्याकडे पाहून विचारलं, "खरंच चढलास?"

मी लाकडं खाली ठेवली, एक निवडून आत सारलं आणि बंबाचं दार नीट लावलं.

"आई सांगतेय ना," मी म्हणालो आणि जमिनीवर बसलो.